पांढरी दोन पिल्लं

आर्वी, जि. वर्धा
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. बाळास,


फोनवर तू रागात होतीस, म्हणून जास्त बोलले नाही. तुझ्या सशांची जोडी, नर-मादी दोन्ही राखी, सोव्हिएत चिंचिला जातीची. आणि सहा पिल्लांत दोन पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. विकणाऱ्यानं फसवलं, असं तू म्हणतेस. शेजारचे काका म्हणतात, "रानातला ससा घुसला असन राती." आणि तू मादीच काढून टाकायला निघालीस. दोन दिवस थांब, माझं ऐक.

आधी काकांचं. आपल्या धुऱ्यावर पळतो तो ससा वेगळाच प्राणी. त्याची गुणसूत्रं ४८, तुझ्या पाळीव सशाची ४४. दोघांची पिल्लं होतच नाहीत. रानसशाचं पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतं. तुझी कशी आली होती? उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली.

आता मादीला मांडीवर घे आणि पाठीवर हळूच फुंकर मार. केस फाकतील आणि आत कडी दिसतील : मुळाशी पाटीसारखा गडद रंग, मग मोतिया पांढरा पट्टा, टोकाला काळं. युरोपातल्या मूळ रानटी सशाचा हा मधला पट्टा पिवळसर असतो. चिंचिलाच्या जनुकानं तो पिवळेपणा काढून घेतला, म्हणून ससा राखी दिसतो. याच जनुकाच्या दुसऱ्या एका रूपात रंग तयारच होत नाही. पिल्लाला एक प्रत आईची मिळते, एक बापाची. एक चिंचिलाची आणि एक पांढरी असली तर अंगावर चिंचिलाच दिसतो, पांढरी आत गप्प राहते. नर-मादी दोघांतही ती असेल तर सरासरी चारांत एक पिल्लू पांढरं. मेंडेलनं वाटाण्यावर हाच हिशेब मांडून १८६६ साली छापला. सहांत दोन, यात फसवणूक कुठे आली?

आणि पांढरेपण एकट्या मादीनं दिलेलं नाही, अर्धं नराचं आहे. हे मुद्दाम लिहिते. तुझी आई घारे डोळे घेऊन जन्मली, दोन्ही घरांत तसे डोळे कुणाचेच नव्हते. तुझ्या आजीनं वर्षभर बोलणी खाल्ली. आजोबांना कुणी एक शब्द विचारला नाही. त्या मादीला पिंजऱ्याबाहेर काढायचं तू म्हणालीस, तेव्हा मला आजीच आठवली.

राहिली चार राखी. त्यांतली कोणती आत पांढरं घेऊन आहेत हे नुसतं पाहून कळत नाही. प्रत्येकाबाबत तिनांत दोन वेळा तसा संभव. वयात आल्यावर न्यूझीलंड व्हाइटशी जोडा लाव. एक जरी पांढरं पिल्लू निघालं तर उत्तर मिळालं. आत पांढरं असूनही आठांत एकही पांढरं न निघण्याची शक्यता २५६ त एक. मध्येच काळं निघालं तर घाबरू नकोस, पांढऱ्याखाली इतर रंग झाकलेले असतात. वही कर, प्रत्येक वेत लिहून ठेव.

अजून एक राहिलं. त्या जनुकाचं तिसरं रूप आहे, हिमालयन. यात रंग बनवणारं विकर फक्त थंडाव्यात चालतं. पिल्लू पांढरंच जन्मतं, डोळेही लालच. मग अंगाचे गार भाग, नाक, कान, पंजे, शेपटी, काळे पडत जातात. अशा सशाच्या पाठीचे केस भादरून तिथे बर्फ धरला, तर नवे केस काळे उगवतात. गवळाऊचा वळू नाही का, मोठा होता होता मानेला आणि वशिंडाला राखी होतो? जन्माचा रंग हा शेवटचा रंग नसतो.

तुझी पिल्लं जेमतेम पंधरा दिवसांची आहेत, आणि सध्या रात्री चांगल्या गार आहेत. रोज सकाळी दोन्ही पांढऱ्यांची नाकं आणि कानाची टोकं उजेडात धरून बघ. काळसर सावली दिसली, तर त्याच क्षणी फोन कर. मी पहिल्या एस.टी.नं येते.

तुझी
मावशी