पिकअपचे पाटे

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांच्या यशाविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. मी आपल्या संस्थेच्या पिकअपविषयी लिहीत आहे. विषय फारसा बदललेला नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तालुक्याहून वसतिगृहाचा तांदूळ व डाळ घेऊन येताना ओढ्याच्या पुलावर मागून मोठा आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगाला कलली. मागच्या कमानीचा मुख्य पाटा डोळ्याजवळ तुटला होता. आरसी बुकाप्रमाणे या गाडीत १३ क्विंटल माल घालता येतो. त्या दिवशी १७ क्विंटल होता. शिवाय पोत्यांवर आपली सहा मुले बसली होती. क्रीडास्पर्धेहून परतताना त्यांची एसटी चुकली होती आणि मीच त्यांना, मोठ्या मायेने, वर बसवले होते. वेग कमी होता म्हणून निभावले.

एका गॅरेजवाल्याने सुचवले, दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे वाढवा, वीस क्विंटल घातले तरी गाडी बसणार नाही. संस्थेच्या बैठकीत हे सर्वांना पटले, मलाही पटले. त्या कामासाठी मी ज्या पाटेवाल्याकडे गेलो, तो आपल्याच शाळेचा विद्यार्थी निघाला. दहावीला दोनदा नापास झालेला. त्याच्या आईला मी भर वर्गासमोर सांगितले होते, की याला कुठेतरी हातकामाला लावा. कोणत्या स्वरात सांगितले, तेही मला आठवते.

“जय भीम, सर,” म्हणून त्याने स्टूल पुसून दिले आणि गाडीखाली शिरला. बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, “वर पोरं होती का?”

मी गप्प राहिलो.

“मीपण बसायचो, सर. पोत्यांवर.”

मग त्याने मला जे समजावले, ते मी पदव्युत्तर शिक्षणातही शिकलो नव्हतो. पाट्याची जाडी दुप्पट केली, की त्याचा ताठपणा दुपटीने नव्हे, आठपटीने वाढतो. अशी गाडी रिकामी असताना खडबडीत रस्त्यावर उसळते, मागची चाके रस्ता सोडतात. भरलेली असताना ती खाली बसत नाही. म्हणून पाहणाऱ्याला वाटते, भार झेपला. प्रत्यक्षात आस तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकही तेच. “पाटा वाढवला म्हणून आरसी बुकातला आकडा वाढत नाही, सर. पाटा फक्त भार लपवतो.” आपल्या गाडीत मागच्या आसाला एक दांडी जोडलेली आहे. गाडी जितकी दबेल, तितका मागच्या ब्रेकला जोर मिळतो. पाटे ताठ करून ती दांडी तशीच ठेवली, तर भरलेली गाडीही तिला हलकी वाटते आणि उतारावर मागचा ब्रेक कमी पडतो. हे त्या गॅरेजवाल्याने सांगितले नव्हते.

मी इतिहास शिकवतो. १९२९ साली चाळीसगावला बाबासाहेबांना नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला, हा प्रसंग मी दरवर्षी सांगतो आणि नकारावर भर देतो. त्याचा उत्तरार्ध मात्र घाईने उरकतो. आपल्या पाहुण्याने पायी चालू नये म्हणून वस्तीतील लोकांनी टांगा मिळवला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच एक माणूस हाकायला बसला. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले, पायाचे हाड मोडले. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. त्या माणसाच्या मायेत काही उणे नव्हते. त्या दुपारी, स्टुलावर बसल्या बसल्या, मला प्रथमच त्या हाकणाऱ्याचा विचार करावा लागला.

त्याने दोन पाटे वाढवण्यास साफ नकार दिला. गिऱ्हाईक गेले तरी चालेल, म्हणाला. दोन्ही बाजूंचे मुख्य पाटे बदलले. एकाच बाजूचा बदलला तर गाडी तिरकी राहते. मूळच्याच जाडीचा एकेक पाटा वाढवला, तोही १३ क्विंटलांवर आपल्या कच्च्या रस्त्याने गाडी दबते म्हणून. बुश, सेंटर बोल्ट व यू-बोल्ट नवे घातले; जुना यू-बोल्ट ताणलेला असतो, तो पुन्हा वापरत नाहीत. ब्रेकची दांडी नव्या उंचीला जुळवली आणि मागचा भाग उचलला गेल्याने हेडलाइट थोडे वर वळवले.

आता धान्याच्या दोन फेऱ्या होतात. डिझेलचा खर्च वाढल्याबद्दल बैठकीत मला बोलणी बसली. ती मी ऐकून घेतली. मुले एसटीने येतात, एसटी चुकली तर पुढच्या एसटीने.

पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायला बोलावले होते, म्हणून रविवारी गेलो. सुट्या भागांचे पैसे त्याने पैसान्‌पैसा मोजून घेतले होते. मजुरी मात्र दोन्ही वेळा घेतली नाही. तेवढ्या रकमेची देणगीची पावती आईच्या नावाने फाडा, म्हणाला. नाव लिहिताना माझ्याकडून एक अक्षर चुकले. त्याने ते दाखवले आणि मी दुसरी पावती लिहिली.