कौंडण्यपूरच्या काठी बॅटरीचा हिशेब

वाचकहो, तिवसा तालुक्यातले कौंडण्यपूर पाहिले आहे ना? रुक्मिणीचे हे माहेर. पायथ्याशी वर्धा नदी. एका कार्तिकात तिथल्या शेतकऱ्यांना गुलाबी बोंडअळीची चित्रफीत दाखवायला मी लॅपटॉप नेला. वीज गेली, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडला. अडीच तासांनी बोलणे आटोपले, तर ट्रॅक्टर चालू होईना! पोरांनी ढकलला तेव्हा कुठे इंजिन लागले. हरभऱ्याची पेरणी अर्धा दिवस खोळंबली. चूक माझीच.

हिशेब सोपा आहे. बॅटरी १२ व्होल्टची, लॅपटॉपला बहुधा १९ लागतात. सरळ तारा जोडून भागत नाही. ६५ वॅटचा लॅपटॉप इन्व्हर्टरची घट धरून ६ ते ७ अँपिअर ओढतो. ७५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी पाच-सहा तासांत निम्मी होते. जुनी त्याआधीच मान टाकते. म्हणूनच समुद्रातल्या मोठ्या होड्यांवर इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी राखतात.

आपण एवढे करावे : बॅटरीजवळच फ्यूज बसवावा आणि दर तासाला इंजिन चालवून बॅटरी भरून घ्यावी. बियाण्याचे राखलेले दाणे आपण दळायला नेतो का? तसेच हे.