डोंगर नावाचा गुरू

तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलई गावात शिरलं, की देवळाच्या उंचच उंच गोपुरांमागे एक डोंगर दिसतो. हाच अरुणाचल. (अरुणाचल प्रदेश नव्हे हं!)

दक्षिणेत पंचमहाभूतांची पाच शिवस्थानं मानतात. कांचीपुरम पृथ्वीचं, चिदंबरम आकाशाचं आणि तिरुवण्णामलई तेजाचं, म्हणजे अग्नीचं. कार्तिकात डोंगरमाथ्यावर भल्यामोठ्या कढईत तूप घालून ज्योत पेटवतात. ती लांबलांबच्या गावांतून दिसते.

१८९६ साली मदुराईहून वेंकटरमण नावाचा सोळा वर्षांचा मुलगा घर सोडून इथं आला. तेच पुढे रमण महर्षी झाले. ‘अरुणाचल हाच माझा गुरू,’ असं ते मानत. डोंगरावरच्या विरूपाक्ष गुहेत आणि नंतर स्कंदाश्रमात ते कितीतरी वर्षं राहिले.

पण डोंगर काय शिकवणार? तो तर बोलत नाही! रमणही फार बोलत नसत. गप्प बसून ‘मी कोण?’ हे स्वतःलाच विचारा, असं ते सांगत. आजही लोक अनवाणी पायांनी डोंगराला चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा घालतात.

एवढ्या पूज्य डोंगराचीही झाडं तुटली आणि तो पार बोडका झाला. मग काही माणसांनी रोपं लावली, वणव्यांपासून जपली. आता तिथं पुन्हा हिरवाई दिसते.

१ डिसेंबर २०२४ला मात्र वादळी पावसात दरड पायथ्याच्या घरावर कोसळली. सात जण गेले, त्यांत पाच मुलं होती.

गुरूला हात जोडावेतच. पण त्याचे उतार, त्याचं पाणी, त्याची माती यांचंही ऐकावं, नाही का?