काळीज म्हणजे नेमकं काय?

गेल्या पावसाळ्यात पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड 2' असं आलं. मी दारूला कधी शिवलेलो नाही. साखळीला परतताना बसमध्ये सारखं वाटत होतं, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तर नसेल?

बेळगावहून सासूबाई आल्या होत्या. सौ.ने त्यांना कन्नडात सांगितलं, 'यकृत्तु'वर चरबी आहे. त्या म्हणाल्या, "जावईबापू, दुखत नाही ना? मग कशाला काळजी?"

दादाही असंच म्हणाला होता. त्याचा असाच रिपोर्ट सहा वर्षं कपाटात पडून होता. 54 व्या वर्षी दादा गेला, तो हृदयविकाराच्या झटक्याने.

म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, फॅटी लिव्हर असलेल्यांचे सर्वाधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने होतात. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतातच तयार होतं. चरबीने भरलेलं यकृत रक्तात जादा चरबी आणि साखर सोडतं आणि रक्तवाहिन्या हळूहळू खराब होतात. 2021 साली केंद्र सरकारने हा आजार मधुमेह-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. 2023 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी त्याचं नावही बदललं. जुन्या नावात दारूचा उल्लेख होता, नव्या नावात चयापचयाच्या बिघाडाचा आहे.

डॉक्टरांनी चार गोष्टी तपासल्या. रक्तदाब 130/85, उपाशीपोटी साखर 100, ट्रायग्लिसराइड 150 आणि कमर पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटर. याच्या वर गेलं की सावध व्हायचं. माझ्या तीन गोष्टी वर होत्या. कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हरला बाधेल, ही माझी भीतीही त्यांनी काढली. फॅटी लिव्हरमध्ये ती सहसा सुरक्षित असते. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरलं, तर यकृताची सूजही कमी होते.

मी मराठी शिकवतो. आपल्या भाषेत काळजाचा ठोका चुकतो, तेव्हा काळीज म्हणजे हृदय. मटणाच्या दुकानात कलेजी मागतो, ते मात्र यकृत. एकाच शब्दाच्या घरात दोघं नांदतात, हे वर्गात सांगताना मला कधी खटकलं नव्हतं.

आता रोज संध्याकाळी वाळवंटीच्या काठाने चालतो. सासूबाईंचा रक्तदाबही तपासून घेतला. दादाचा रिपोर्ट अजून त्याच कपाटात आहे. वाचकहो, तुमच्याही घरात असा एखादा कागद पडून असेल, तर तो काढा आणि डॉक्टरांना विचारा, "माझं हृदय कसं आहे?"