एका आडनांवाचा प्रवास

आडनांव ही मनुष्याला विनामूल्य मिळालेली वस्तु आहे. तें मिळविण्यासाठीं त्याला श्रम करावे लागत नाहींत कीं परीक्षा द्यावी लागत नाहीं. तरी जन्मभर तो त्याचा अभिमान वाहतो. वर्गांत हजेरी घेतांना रोज चाळीस-पन्नास आडनांवें माझ्या मुखांतून जातात. कोणतें गांवावरून पडलेलें, कोणतें धंद्यावरून, तर कोणतें एखाद्या पूर्वजाच्या खोडीवरून. प्रत्येकामागें एक वाट असते. परंतु ती वाट ग्रंथांतून दूरवर दिसावी अशीं आडनांवें थोडीं. असें एक आडनांव मला फ्रान्स देशाच्या इतिहासांत आढळलें. तें म्हणजे मलान.

या नांवाशीं माझा परिचय दोन ठिकाणीं झाला. उपासनेंत गाइल्या जाणाऱ्या 'हेंडन' नांवाच्या चालीचा कर्ता म्हणून सेझार मलान हें नांव मीं लहानपणींच वाचलें होतें. पुढें इतिहासाच्या तासाला दक्षिण आफ्रिकेंतील वर्णभेदाचे कायदे शिकवितांना पंतप्रधान मलान यांचें नांव फळ्यावर लिहावें लागलें. एकच नांव स्तोत्राच्या चालीवर आणि तेंच जुलमाच्या कायद्याखालीं! कुतूहल वाढलें, ग्रंथ चाळले, आणि दोघांचींही मुळें एकाच मातींतलीं निघालीं.

या घराण्याचें मूळ आल्प्स पर्वतांतील पीडमाँटच्या खोऱ्यांत आहे. तेथें वाल्डेन्सियन पंथाचे लोक राहत. बाराव्या शतकांत लियाँ शहरच्या वाल्डो नामक व्यापाऱ्यानें आपली संपत्ति वांटून टाकिली व शास्त्र लोकभाषेंत आणवून सामान्य जनांस सांगण्यास आरंभ केला. त्याचे हे अनुयायी. धर्माधिकाऱ्यांनीं त्यांस पाखंडी ठरविलें. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांतील कांहीं कुटुंबें डोंगर उतरून प्रोव्हान्स प्रांतांत ल्युबेराँच्या पायथ्याशीं ओसाड जमिनी कसावयास आलीं. मेरिंदोल हें त्यांच्या वस्तीचें एक गांव. इ. स. १५४५ च्या एप्रिल महिन्यांत राजाच्या सैन्यानें तें जाळून बेचिराख केलें. जे वांचले त्यांनीं पुन्हां भिंती उभ्या केल्या, पुन्हां नांगर धरला.

पुढें इ. स. १५९८ मध्यें चौथ्या हेन्री राजानें नांत येथील जाहीरनाम्यानें प्रॉटेस्टंट प्रजेस उपासनेची मोकळीक दिली. परंतु त्याचाच नातू चौदावा लुई यानें इ. स. १६८५ मध्यें ती काढून घेतली. प्रार्थनामंदिरें पाडण्यांत आलीं. उपदेशकांस पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला, आणि सामान्य जनांस मात्र देश सोडण्याचीच बंदी! पळतांना सांपडलेल्या पुरुषांस राजाच्या जहाजांवर सांखळदंडांत वल्हीं मारण्याची शिक्षा होई. असें असूनही सुमारें दोन लाख माणसें निसटलीं. मलान हें नांव या वादळांत दोन दिशांना फेंकलें गेलें.

एक फांटा जिनीव्हास गेला. आपली बहीण छळास बळी पडलेली पाहून पियेर मलान नामक गृहस्थानें मेरिंदोल सोडलें व इ. स. १७२२ मध्यें तो जिनीव्हास पोंचला. स्तोत्रकार सेझार मलान (१७८७-१८६४) हा याच घराण्यांतला. त्याचा पुत्र सॉलोमन सीझर मलान हा तर आपल्या देशांत येऊन गेला, इ. स. १८३८ पासून तो कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजांत अध्यापक होता. प्रकृति साथ देईना म्हणून दोनेक वर्षांत त्याला परतावें लागलें. परंतु आशियांतील भाषांचा लागलेला छंद सुटला नाहीं. बायबलांतील नीतिसूत्रें पौर्वात्य ग्रंथांतील वचनांशीं ताडून त्यानें वार्धक्यांत मोठा ग्रंथ सिद्ध केला. छळून हांकललेल्यांच्या या वंशजानें परक्यांच्या शहाणपणासाठीं आपलें दार उघडें ठेविलें.

दुसरा फांटा दक्षिणेस गेला. झाक मलान इ. स. १६८८ च्या सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयानें आफ्रिकेच्या केप वसाहतींत उतरला. त्या दोनएक वर्षांत तेथें गेलेले फ्रेंच निर्वासित दोनशेंहूनही कमीच होते. कंपनीनें त्यांस जमिनी दिल्या, पण मुद्दाम डच शेतकऱ्यांच्या मधोमध; आणि मुलांस डच भाषाच शिकवावी असें धोरण ठेविलें. शाळेचें सामर्थ्य किती असतें पाहा! दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच भाषा लोपली. नांवाचाही उच्चार पालटला. फ्रेंच जिभेवर अनुनासिकांत विरणारा अंत्य 'न' आतां ठणठणीत उमटूं लागला. घरांत राहिली ती पूर्वजांच्या छळाची कथा. आणि भोंवतालच्या द्राक्षमळ्यांत राबत होते गुलाम. बंगाल, मलबार व कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेलीं आपलीं माणसेंही त्यांत होतीं.

याच शाखेंत डॅनियल फ्रान्स्वा मलान इ. स. १८७४ मध्यें जन्मले. ते धर्मशास्त्राचे पंडित व कांहीं काळ धर्मोपदेशक होते. इ. स. १९४८ ते १९५४ या काळांत पंतप्रधान असतांना त्यांच्या सरकारनें प्रत्येक मनुष्याची वर्णावरून नोंद करण्याचा, कोणी कोणाशीं लग्न करूं नये हें ठरविण्याचा व कोणी कोठें राहावें हें नेमून देण्याचा कायदा केला. या शेवटल्या कायद्यानें असंख्य कृष्णवर्णीयांप्रमाणेंच भारतीयांनाही आपलीं घरें-दुकानें सोडावीं लागलीं. घर सोडण्याचें दुःख ज्या घराण्याच्या कथेंत पहिल्या पानावर लिहिलें होतें, त्याच घराण्यांतील पुरुषाच्या हातून हें घडलें.

परंतु नांवाची कथा येथेंच संपत नाहीं. त्यांचाच एक दूरचा भाऊबंद अडॉल्फ मलान हा इ. स. १९४० च्या ब्रिटनवरील हवाई युद्धांत गाजलेला वैमानिक. इ. स. १९५१ मध्यें सरकार मिश्रवर्णीयांचा मताधिकार हिरावूं पाहत आहे असें दिसतांच त्यानें माजी सैनिकांना गोळा करून पेटत्या मशालींच्या मिरवणुका काढल्या. ती चळवळ विजयी झाली नाहीं, इ. स. १९५६ मध्यें तो मताधिकार गेलाच, आणि सर्वांस मत मिळण्यास इ. स. १९९४ उजाडावें लागलें. तथापि दोन्ही बाजूंना एकच आडनांव उभें होतें, हें विसरतां येत नाहीं.

आमच्या घरींही एक कथा सांगतात. माझ्या आजोबांनीं धर्म स्वीकारला तेव्हां गांवची विहीर त्यांना बंद झाली, व आजी कोसभर चालून ओढ्याचें पाणी आणी. ही कथा मीं माझ्या मुलांना पुष्कळदां सांगितली आहे. मलान घराण्याचा इतिहास वाचल्यापासून मात्र ती सांगून झाल्यावर मी एक प्रश्न जोडतों: आज आपल्या दारचें पाणी कोणाला बंद आहे काय?

विद्यार्थीमित्रहो, पूर्वजांनीं सोसलेलें दुःख हें आपलें पुण्य नव्हे. नांव रक्तानें पुढें जातें, शहाणपण जात नाहीं. तें प्रत्येक पिढीला नव्यानें शिकावें लागतें. तुमचें आडनांव कोठून आलें याचा शोध अवश्य घ्या; वडील माणसें आहेत तोंवर त्यांना विचारून ठेवा. परंतु तें नांव पुढें कोठें न्यावयाचें, हें कोणत्याही वंशावळींत लिहिलेलें नसतें. तो मजकूर तुमच्याच हातानें लिहावयाचा आहे.