पाचोऱ्याहून न्यूअर्क : प्रवासाची दैनंदिनी
लेखांक पहिला : दाखल्यांचे दिवस

पाचोरा, शनिवार, १६ ऑक्टोबर २०२१

काल विजयादशमी. सोने वाटून आणि घेऊन घरी परतलो, तोच रात्री न्यू जर्सीहून मुलीचा फोन आला; आणि ज्या वार्तेची आमच्या घरात दीर्घकाळ प्रतीक्षा चालली होती, ती सणाच्याच दिवशी कानी पडली. करोनाच्या लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या परदेशी प्रवाशांना येत्या ८ नोव्हेंबरपासून प्रवेश देण्याचे अमेरिकेच्या सरकारने जाहीर केले आहे. यंदाच्या ४ मेपासून, चौदा दिवसांच्या आत भारतात राहून आलेल्या बहुतेक परकीय इसमांना तो देश बंद होता. अपवाद होते ते विद्यार्थ्यांना आणि काही मोजक्या वर्गांना. पहिल्या बाळंतपणाला लेकीजवळ आई असावी ही आपल्याकडची वहिवाट, परंतु आमची नात गतवर्षी ऑगस्टात जन्मली तेव्हा आंतरराष्ट्रीय विमानांची नियमित वाहतूक मार्चपासूनच थांबलेली होती आणि सौभाग्यवतींना ते बाळंतपण भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून करावे लागले. लाडवांचा डिंक कोणत्या आचेवर तळावा हेसुद्धा त्यांनी सात समुद्रांपलीकडे तोंडी सांगितले. आमचा प्रवेशपरवाना जुना असून त्याची मुदत शिल्लक आहे. उरले ते आरोग्याचे दाखले.

पाचोरा, सोमवार, १८ ऑक्टोबर

दस्तऐवजांची छाननी आजपासून आरंभिली. लशीची प्रमाणपत्रे जुलैतच मिळालेली आहेत. परंतु परदेशी अधिकाऱ्यापुढे ती मान्य व्हावयाची तर त्यांवर पारपत्राचा क्रमांक हवा आणि जन्माच्या केवळ वर्षाऐवजी पूर्ण जन्मतारीख हवी. पारपत्राचा क्रमांक जोडण्याची सोय लसीकरणाच्या 'कोविन' संकेतस्थळावर जूनच्या अखेरीस झाली, आणि ब्रिटनने सप्टेंबरात भारतीय प्रमाणपत्रांविषयी हरकत घेतल्यानंतर परदेशगमनासाठी जन्मतारखेसह वेगळे प्रमाणपत्रही मिळू लागले.

खरी अडचण नावाची. आपल्याकडे मनुष्याचे नाव तीन पदांचे : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आणि आडनाव. पारपत्राला दोनच रकाने ठाऊक, त्यामुळे मधले पद पहिल्या रकान्यात स्वतःच्या नावापाठोपाठ बसवलेले असते. आधारपत्रावर कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी. आणि लशीच्या दाखल्यावर आधारपत्राचीच नक्कल उतरलेली. सौभाग्यवतींच्या दाखल्यात पतीच्या नावाचे केवळ आद्याक्षर आले होते आणि आडनावाच्या रोमन लिपीतील लेखनात पारपत्राहून एका अक्षराचे अंतर होते. खानदेशातील शेकडो स्त्रियांच्या कागदांत हे अंतर असणार, कारण शाळेच्या दाखल्यावरील नाव माहेरचे, शिधापत्रिकेवरील सासरचे, आणि रोमन अक्षरे ज्या कारकुनाने जशी ऐकली तशी. गावात जन्म काढणाऱ्या बाईचे त्यामुळे काही अडत नाही. पण जिला कोणी ओळखत नाही अशा मुलुखात जायचे, तिच्या बाजूने बोलणारा साक्षीदार तो कागदच होय. म्हणून त्यातले अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे, असा माझा आग्रह.

स्टेशन रस्त्यावरील संगणक केंद्र चालवणारा तरुण एकेकाळी माझ्या वर्गात होता. त्याने पारपत्र समोर ठेवून नाव अक्षरशः लावून पाहिले, दुरुस्तीचा अर्ज भरला, आणि पाठवण्यापूर्वी मला व सौभाग्यवतींना पडद्याजवळ बोलावून मोठ्याने वाचून दाखवला, कारण अशी दुरुस्ती वारंवार करता येत नाही. "सर, टेन्शन नका घेऊ, होई जाईन," असे तो म्हणाला. आणि खरोखर (हे मागाहून लिहितो), पाच दिवसांनी दुरुस्त प्रमाणपत्र हाती आले. मी त्याच्या चार प्रती काढवून घेतल्या.

पाचोरा, बुधवार, २७ ऑक्टोबर

परवा अमेरिकेच्या अध्यक्षांचा हुकूम निघाला; त्याचा तपशील मुलीने पाठवला तो आज सावकाश वाचला. लस जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेची हवी आणि दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवस उलटलेले हवेत. शिवाय विमान सुटण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत घेतलेल्या नमुन्याचा निर्दोष चाचणी-अहवाल हवा, आणि आपण या अटी पूर्ण करीत असल्याचे स्वाक्षरीचे प्रतिज्ञापत्रही. अहवालावर चाचणीचा प्रकार, प्रयोगशाळेचे नाव, नमुना घेतल्याची तारीख, निष्कर्ष, आणि नावाव्यतिरिक्त ओळखीची आणखी एक खूण असणे आवश्यक.

आम्ही उभयतांनी घेतलेली कोविशील्ड फेब्रुवारीपासूनच त्या संघटनेच्या यादीत आहे. परंतु आमच्या शेजारी राहणारे, माझ्याबरोबर सेवानिवृत्त झालेले सहकारी कोव्हॅक्सिन घेऊन बसले आहेत, आणि त्यांचाही मुलगा तिकडेच. दोघांनीही सरकारने जी लस पुढे केली ती दंड पुढे करून घेतली. दोघांच्याही देहाचे रक्षण झाले. तरी एकास दार उघडे व दुसऱ्यास बंद, हे मला अन्यायाचे वाटते, आणि संध्याकाळी ओट्यावर त्यांच्याजवळ बसलो असता त्यांचे समाधान कसे करावे हे सुचेना.

पाचोरा, गुरुवार, ४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. काल जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला मान्यता दिली. सहकारी सकाळी फराळाचे ताट घेऊन स्वतः आले.

पाचोरा, मंगळवार, ९ नोव्हेंबर

तिकिटे निघाली. मुंबईहून न्यूअर्कला थेट जाणारे विमान, मध्यरात्र उलटल्यावर सुटणारे. म्हणजे आम्ही घरून निघणार सोमवारी रात्री, विमानतळावर जाणार मंगळवारी, आणि तिकिटावर तारीख मात्र बुधवार, १७ नोव्हेंबरची. तीन दिवसांची मुदत त्या तारखेवरून मागे मोजावयाची, म्हणून रविवार, १४ च्या आधी घेतलेला नमुना निरुपयोगी.

ही मुदत कागदावर उदार दिसते. विमानतळापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्याला ती उदार आहेही. परंतु पाचोरा हे मुंबईपासून पावणेचारशे किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. येथील ग्रामीण रुग्णालयात घेतलेला नमुना तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जातो. जळगाव येथून पन्नास किलोमीटरच्या आत, पण आज तेही दूर झाले आहे. एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपामुळे आगारातील गाड्या जागेवर उभ्या आहेत. रेल्वेच्या गाड्यांत आरक्षणावाचून पाऊल ठेवता येत नाही. आणि जामनेरकडे जाणारी आमची अरुंदमापी 'पी. जे.' (पाचोरा-जामनेर) गाडी गतवर्षीच्या मार्चपासून बंद ती बंदच. गाडी भाड्याने ठरवणे ज्याला परवडेल त्याचीच ही मुदत निभेल, हे नियम करणाऱ्याच्या ध्यानी आले नसावे. नियम योग्य आहे, साथ रोखावयाची तर तो हवाच, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु अंतराचा विचार न करता काळ मोजणे हे गावाकडच्या माणसावर ओझे टाकणे होय. (हा मजकूर छपाईस देतेवेळी कळते की ओमिक्रॉन या नव्या उत्परिवर्तित प्रकारामुळे ६ डिसेंबर २०२१ पासून ती मुदत एका दिवसावर आली आहे. आता पाचोऱ्याच्या प्रवाशाला मुंबईत मुक्काम करूनच चाचणी करावी लागेल, आणि ज्याचे मुंबईत कोणी नाही त्याने उतरावे कोठे?)

प्रवाशाच्या देहाची तपासणी आपल्या मुलुखाला नवी नाही. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक ज्वराने थैमान मांडले तेव्हा जी. आय. पी. रेल्वेच्या उतारूंना कल्याणसारख्या स्थानकांवर उतरवून त्यांची तपासणी करीत. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, आणि त्याच कायद्याचा आधार महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये घेतला. त्या काळच्या तपासणीत स्त्रियांची विटंबना झाली आणि घराघरांत शिरणाऱ्या पथकांविषयी जनतेत विलक्षण संताप उसळला, हे आपण इतिहासात वाचतो. त्याच सुमारास, १० जानेवारी १८९७ रोजी, डॉ. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या देहात टोचून घेतली. शासनाची दंडशक्ती आणि संशोधकाचे हे धैर्य अशा दोन वाटांनी आरोग्याचा कारभार आपल्यापर्यंत आला आहे. आज एखाद्या बाईच्या नाकात नमुन्याची काडी घालणारी परिचारिका आधी "काकू, घाबरू नका" असे म्हणते, हा त्या सव्वाशे वर्षांत पडलेला फरक मी मोलाचा मानतो.

जळगाव, सोमवार, १५ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. जळगावला हा परंपरेने श्रीरामाच्या रथाचा दिवस असल्याने जुन्या गावात गर्दी होण्यापूर्वी काम उरकावे म्हणून पहाटेच भाड्याच्या मोटारीने निघालो. नांद्रा, सामनेर, वावडदा, शिरसोली. दुतर्फा कपाशी, आणि ऑगस्टअखेरच्या अतिवृष्टीने काळवंडलेली बोंडे वेचणाऱ्या बाया. सौभाग्यवतींचा उपवास, त्यामुळे डब्यात साबुदाण्याची खिचडी.

प्रयोगशाळेत अर्ज भरताना मी दोन गोष्टींवर भर दिला आणि परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने तो द्यावा असे सुचवतो. पहिली, नाव पारपत्राप्रमाणेच लिहवून घ्यावे आणि पारपत्राचा क्रमांक अहवालावर उतरेल याची खातरजमा करावी. दुसरी, नमुना घेतल्याची तारीख व वेळ ही अहवाल दिल्याच्या वेळेहून वेगळी छापली जावी, कारण मुदत नमुन्यापासून मोजतात, अहवालापासून नव्हे. नोंदणीसाठी भ्रमणध्वनीवर सांकेतिक अंक आला, तो सांगितला; मग नमुन्याचा नोंदणी-क्रमांक पडला. शुल्काचा दर शासनाने ३१ मार्चला ठरवून दिलेला आहे : नमुना-संकलन केंद्रावर येणाऱ्याला ५०० रुपये, घरी येऊन नमुना घेतल्यास ८००. साथीच्या पहिल्या महिन्यांत याच चाचणीला हजारो रुपये पडत, आणि जिल्ह्याचे नमुने धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवून दिवसेंदिवस वाट पाहावी लागे, हे आठवले म्हणजे या दरफलकाकडे कृतज्ञतेने पाहावेसे वाटते.

नमुना घेण्यास क्षणभर पुरतो. वेळ लागतो तो पुढे. काडी द्रवाच्या नळीत बुडवून थंड ठेवतात, तीतून विषाणूचे आरएनए वेगळे काढतात, ते डीएनएच्या रूपात उतरवतात, आणि यंत्रात आलटून पालटून तापवून व निववून त्याच्या आवृत्त्या पुनःपुन्हा दुप्पट करतात; विषाणू असेल तर काही आवर्तनांत तो प्रकट होतो, नसेल तर यंत्र अखेरपर्यंत मूक राहते. ही चाचणी इतकी सूक्ष्म की बरा झालेल्या रोग्याच्या नाकातील निर्जीव अवशेषही ती कित्येक आठवडे दाखवू शकते. याच कारणास्तव, नव्वद दिवसांच्या आत आजारी पडून बरे झालेल्यांना जुना बाधित अहवाल व वैद्याचे पत्र दाखवून जाण्याची मुभा अमेरिकेने ठेवली आहे. ही तरतूद आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

तेथील तरुण तंत्रज्ञाने आपादमस्तक पांढरा पोशाख चढवलेला होता. नोव्हेंबरातही खानदेशची दुपार उकडते. मेच्या उन्हात त्याने तो कसा सोसला असेल? विचारले तर म्हणाला, "सवय झाली, सर. दुसऱ्या लाटेत तर जेवायला काढायचो तेवढाच." एवढे बोलून त्याने पुढच्याला हाक मारली.

दुपारी पाचोऱ्यास परतलो. सायंकाळी साडेसातला अहवाल भ्रमणध्वनीवर उतरला : दोघेही निर्दोष. सौभाग्यवतींनी देवापुढे साखर ठेवली आणि मी संगणक केंद्राच्या त्या विद्यार्थ्याकडे जाऊन छापील प्रती आणल्या. रात्रीच्या गाडीने निघालो.

मुंबई, मंगळवार, १६ नोव्हेंबर

कल्याणला पहाटे उतरून भाच्याच्या घरी दिवस काढला आणि रात्री सहारच्या विमानतळावर आलो. पारपत्र, लशीचे प्रमाणपत्र, अहवाल, प्रतिज्ञापत्र, असा क्रम लावून कागद मी दोन निरनिराळ्या पाकिटांत ठेवले होते, एक माझे व एक सौभाग्यवतींचे. दोघांचे कागद एकत्र ठेवू नयेत, कारण तपासणारा एकेकाचे नाव उच्चारून ताडून पाहतो.

आमच्या पुढे नाशिक जिल्ह्यातील एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांच्या अहवालावर वडिलांचे नाव नव्हते, एवढ्यावरून त्यांना बाजूला थांबवले. मुलगा दूरध्वनीवर प्रयोगशाळेशी बोलत होता. रात्रीचे दहा वाजून गेले होते, तरी पलीकडे कोणीतरी फोन उचलला, आणि अर्ध्या तासात दुरुस्त अहवाल आला. जिल्ह्याजिल्ह्यांतील प्रयोगशाळांनी परदेशी प्रवाशांसाठी असा एक माणूस रात्री फोनजवळ ठेवावा, आणि रविवारीही नमुने घ्यावेत, अशी तजवीज जिल्हा प्रशासनाने केली तर विमानतळावरची कितीतरी माणसे परत फिरणार नाहीत.

आमची पाळी आली. कर्मचारी मुलीने पारपत्रावरचे आडनाव आणि प्रमाणपत्रावरचे आडनाव बोट ठेवून अक्षरागणिक मिळवले, अहवालावरची १५ तारीख पाहिली, प्रतिज्ञापत्रावर स्वाक्षरी आहे ना ते उलटून पाहिले, आणि म्हणाली, "आजी, बरोबर आहे सगळे." सामान पट्ट्यावर गेले, दोघांना शेजारच्या जागा मिळाल्या. सुरक्षा-तपासणी, विमानातील पंधरा-सोळा तास आणि न्यूअर्कच्या विमानतळावरील चौकशी यांचा वृत्तांत पुढील लेखांकात.