कोल्हापूरची मॅच, महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि सिकलसेल

मागच्या हिवाळ्यात ओपीडी उठायच्या वेळेला देवरीकडची एक आई मुलाला घेऊन आली. मुलगा सतरा वर्षांचा, सिकलसेलचा रुग्ण, म्हणजे रिपोर्टवर 'एसएस'. तब्येत ठीक होती. तक्रार वेगळीच होती.

"डॉक्टरसाहेब, पोरगा आयकतच नाही जी. भावाकडे कोल्हापूरले जातो म्हणते, फुटबॉलची मॅच पाहाले. पाठवू का नको पाठवू?"

मुलगा खाली मोबाइलकडे बघत होता. उत्तर त्याला माहीत होतं. डॉक्टर 'नको' म्हणणार, आई 'बघ, डॉक्टरही तेच म्हणतात' म्हणणार, आणि मॅच मोबाइलवरच बघावी लागणार.

खरं सांगतो, काही वर्षांपूर्वी मी तेच म्हटलं असतं. म्हटलंही होतं. असाच एक मुलगा शाळेच्या सहलीला जाऊ का म्हणून विचारायला आला होता, आणि घाईच्या ओपीडीत मी 'कशाला उगाच, घरीच राहा' म्हणून मोकळा झालो. तो सहलीला गेला नाही. पुढच्या महिन्यात माझ्याकडेही आला नाही. वर्षभराने तीव्र दुखणं घेऊन भरती झाला, तेव्हा कळलं की त्याने कॅप्सूलही सोडल्या होत्या. गोळ्या खाऊनही कुठे जायचंच नसेल तर खायच्या कशाला, असं तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून या वेळी मी कागद काढला आणि आम्ही तिघांनी बसून प्रवास आखला. तुमच्या घरात सिकलसेलचं मूल असेल, आणि गोंदिया जिल्ह्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही, तर तो कागद तुमच्यासाठीही आहे.

आधी कोल्हापूरचं. आपल्याकडे मॅच म्हटलं की जामठ्याचं क्रिकेट डोळ्यांसमोर येतं. कोल्हापुरात मॅच म्हणजे फुटबॉल. तिथले संघ तालमींच्या नावाने खेळतात: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत शाहू स्टेडियमवर सामने चालतात आणि अख्ख्या पेठा आपापल्या संघामागे लोटतात. 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपल्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. आमच्या रुग्णाचा मोठा भाऊ शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करायला गेला आणि वर्षभरात पक्का कोल्हापुरी होऊन बसला. रोज रात्री धाकट्याला फोनवर मॅचचं वर्णन. अशा वेळी कोणाचा पाय घरात ठरेल?

आता प्रवास. गोंदियाहून कोल्हापूरला थेट जाणारी गाडी आहे, महाराष्ट्र एक्स्प्रेस. सकाळी निघते आणि नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, सातारा, मिरज असं अर्धं राज्य दाखवत दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचवते. तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर, साधारण 28 तास. म्हणजे रविवारची मॅच बघायची तर शुक्रवारी सकाळी निघायचं आणि शनिवारी दुपारी उतरायचं. परतीची गाडीही दुपारीच सुटते, मॅचच्या वेळेला. तेव्हा सोमवारी निघून मंगळवारी संध्याकाळी घर. दोन तासांच्या मॅचसाठी पाच दिवस! आईने कपाळाला हात लावला. मला मात्र हे वेळापत्रक आवडलं, कारण त्यात शनिवारची पूर्ण संध्याकाळ आणि रात्र विश्रांतीला मिळत होती. कोणी जर उतरल्या उतरल्या स्टेडियमवर आणि मॅच संपल्याबरोबर रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये असा बेत केला, तर मी तो सिकलसेलच्या मुलासाठी मोडायला लावीन.

का, ते समजून घ्या. आपल्या लाल पेशी मऊ असतात. केसापेक्षा बारीक रक्तवाहिनीतूनही वाकून निघून जातात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एकच घटक बदललेला असतो. पेशीने ऑक्सिजन सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या होतात, पेशी कडक होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढचा भाग रक्तासाठी तडफडतो. तेच ते हाडांतलं जीवघेणं दुखणं. पेशीतलं पाणी कमी झालं की आतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि काड्या होण्याचा वेग नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. दमछाक, ताप आणि जागरणही याच कामात हातभार लावतात. लांबचा प्रवास आणि मॅच यांत यातलं काय नसतं, सांगा.

यात सगळ्यात मोठी गोष्ट पाणी, आणि तिथेच सगळ्यात जास्त चूक होते. गाडीत लोक पाणी कमी पितात. संडासाकडे जायचा कंटाळा येतो, तो घाण असतो, वरच्या बर्थवरून उतरावं लागतं, मुलींना तर रात्री जायची भीती वाटते. सिकलसेलच्या मुलांना तर लघवीला जास्तच जावं लागतं, म्हणून ती पाणी आणखी तोडतात. पण ही जास्तीची लघवी जास्त पाण्यामुळे होत नाही. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन मुळातच कमी असतो. तिथे वर्षानुवर्षं पेशी अडकून पाणी वाचवून ठेवायची मूत्रपिंडाची ताकद जाते. तुम्ही-आम्ही पाणी प्यायलो नाही तर आपली लघवी कमी आणि गडद होते, शरीर पाणी राखतं. या मुलांचं शरीर राखू शकत नाही. प्या वा न प्या, पाणी बाहेर जातच राहतं. मोठेपणीही अंथरूण ओलं होतं म्हणून काही मुलं मार खातात, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असतं.

याच कारणाने 'लघवीचा रंग बघा, पिवळी झाली तर पाणी प्या' हा नेहमीचा सल्ला यांच्या कामाचा नाही. शरीर कोरडं पडलं तरी त्यांची लघवी फिकी राहू शकते. म्हणून घड्याळ लावून प्यायचं. आमच्या मुलाला मी दिवसाला साधारण तीन लिटरचा हिशेब दिला: एक लिटरच्या तीन बाटल्या, दर तासाला पेलाभर, तहान लागो न लागो. त्यासाठी खालचा बर्थ, दाराजवळचा. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा वेगळा आजार असेल तर हा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)

थंडीचं आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण गाडीत दुपारी गरम होतं म्हणून स्वेटर बॅगेच्या तळाशी जातो आणि पहाटे अंग काकडतं. मोजे, स्वेटर, कानटोपी आणि एक जाड शाल हाताशी हवी. एसीचा डबा घेतला तरी हेच. दोन-अडीच तासांनी उठून डब्यातून एक चक्कर मारायची. एका जागी बसून पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका या मुलांना इतरांपेक्षा जास्त असतो.

स्टेडियमवर काय? ओरडा, नाचा, शिट्ट्या मारा. त्याने काही होत नाही. जपायचं ते उन्हाला. दुपारी सिमेंटच्या पायऱ्या तापतात, गर्दीतून बाहेर पडता येत नाही आणि पाणी संपलेलं असतं. मॅच जिंकल्यावर अंगावर पाणी ओतून घ्यायचं नाही, रंकाळ्यात उडी मारायची नाही. गार पाण्याने झटका येतो. मुरगळलं तर बर्फ चोळायचा नाही. पन्हाळ्याची उंची हजार मीटरच्या आत आहे, ती बाधत नाही, पण गाडीने जायचं, पैज लावून चढायचं नाही. दारू तर अजिबात नाही. ती शरीरातलं पाणी काढते. आणि तांबडा-पांढरा रस्सा? मुलाने हे फार काळजीने विचारलं. खा म्हटलं, फक्त स्वच्छ ठिकाणी आणि सवयीइतका. तिखटाने पेशी वाकत नाहीत. जुलाब लागले तर मात्र पाणी जातं आणि मग वाकतात.

औषधं खिशात. हायड्रॉक्सीयुरियाने शरीरात बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढतं आणि पेशी वाकणं कमी होतं, पण त्यासाठी ती रोज घ्यावी लागते. पाच दिवसांचा प्रवास असेल तर दहा दिवसांच्या कॅप्सूल घ्या, आणि त्या सीटखालच्या बॅगेत ठेवू नका. सोबत एक चिठ्ठी: आजार एसएस, रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन किती, औषधं कोणती, रक्त कधी चढवलं. ही चिठ्ठी फार महत्त्वाची. आपल्याकडे अंग दुखतं म्हणणारा तरुण मुलगा आला की आम्हाला सिकल आठवतोच. पश्चिम महाराष्ट्रात हा आजार क्वचित दिसतो. तिथल्या डॉक्टरला तो लगेच सुचेलच असं नाही. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्याला सगळे सीपीआर म्हणतात, ते मोठं सरकारी रुग्णालय आहे. पोहोचल्यावर भावाने ते कुठे आहे एवढं बघून ठेवायचं. गाडीत काही झालं तर 139.

दुखणं सुरू झालं तर पाणी, ऊब, आडवं होणं आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल. पण गोळी घ्यायच्या आधी थर्मामीटर लावा, कारण गोळीने ताप झाकला जातो. ताप 101 फॅरनहाइटच्या वर, छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, अचानक पांढरंफटक होणं, यातलं काहीही झालं तर मॅच, गाडी सगळं सोडून रुग्णालय. आणि एक गोष्ट मुलगे लाजून सांगत नाहीत म्हणून मीच सांगतो: लिंगाचा दुखरा ताठरपणा दोन तासांपुढे गेला तर तीसुद्धा तातडीची वेळ आहे. आई खोलीबाहेर गेल्यावर हे सांगितलं. मुलगा लालबुंद झाला, पण ऐकलं.

मोठ्या भावाबद्दलही बोलायला हवं. तो 'एएस', म्हणजे वाहक. आई-वडील दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची असते, दोन वाहकाच्या आणि एक पूर्ण निरोगी. वाहकाला रोजच्या आयुष्यात काही त्रास नसतो. मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून तर थोडं संरक्षणच मिळतं, आणि आपल्या जंगलपट्ट्यात हा आजार एवढा टिकला तो त्यामुळेच. पण हा भाऊ आता नुसता बघत नाही, खेळायलाही लागला आहे. अमेरिकेत 2006 साली राईस विद्यापीठाचा 19 वर्षांचा खेळाडू सरावात एकामागून एक वेगवान धावा काढताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता आणि हे कोणाला माहीत नव्हतं. (तिकडचा फुटबॉल हातात धरून खेळतात, पण धावणं धावणंच.) त्यानंतर 2010 पासून तिथे वरच्या श्रेणीतल्या कॉलेज खेळाडूंच्या सिकलसेल तपासणीचा नियम आला. वाहकाला खेळ बंद नाही. सराव हळूहळू वाढवायचा, पाणी प्यायचं, तापात खेळायचं नाही. आणि पाय अचानक निर्जीव वाटले तर तिथेच बसायचं. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा आवळतो. यात तो मऊच राहतो, फक्त जोर जातो. म्हणून बघणाऱ्याला वाटतं, पोरगा नाटक करतो आहे. हे मी भावाला फोनवर सांगितलं आणि त्याच्या प्रशिक्षकालाही सांगायला लावलं.

शुक्रवारी सकाळी गाडी सुटली. मामा सोबत गेला. शनिवारी दुपारी आईचा फोन: पोचले जी. रविवारी रात्री मला एक फोटो आला, तोंडाला रंग, गळ्यात मफलर, हातात पाण्याची बाटली. बाटली मुद्दाम दिसेल अशी धरलेली.

परतीच्या प्रवासात मात्र दुखलं. दौंड सुटल्यावर मध्यरात्री दोन्ही मांड्या ठणकायला लागल्या. मामाने थर्मामीटर लावला, ताप नव्हता. छाती मोकळी होती. मग पॅरासिटामॉल, पाणी, शाल, आणि आम्ही ठरवलेला नियम: दोन तासांत उतार पडला नाही तर पुढच्या मोठ्या स्टेशनवर उतरायचं. मनमाडला कमी झालं, भुसावळपर्यंत तो झोपला होता. मामा मात्र रात्रभर जागा.

गुरुवारी दोघं मायलेकं तपासणीला आली. हिमोग्लोबिन नेहमीइतकंच होतं. मी विचारलं, काय झालं मॅचचं?

"हरलो न सर. टायब्रेकरमध्ये," तो म्हणाला. "पुढच्या सीझनले कॅप्सूल कितीच्या घेऊन ठेवू?"